उन्हाळ्यात त्वचा भाजू नये म्हणून काय करावे: सावली मोजण्यापासून सालपटे निघेपर्यंत

मराठीत उन्हाच्या त्रासांना शब्द पुष्कळ आहेत, आणि बोलताना ते एकमेकांत मिसळल्यामुळे उपायांचीही सरमिसळ होते. ऊन लागते तेव्हा शरीरातील पाणी आणि क्षार कमी झालेले असतात, डोके दुखते, मळमळते. उन्हाळी लागते तेव्हा लघवीला जळजळ होते. घामोळे येते ते घामाच्या ग्रंथींची तोंडे बुजल्यामुळे. या लेखाचा विषय या तिन्हींहून वेगळा आहे: उन्हाने त्वचा प्रत्यक्ष भाजणे, म्हणजे ती लाल किंवा काळपट होणे, तापणे, ठणकणे आणि चार-सहा दिवसांनी तिची सालपटे निघणे. पन्हे, कोकम सरबत आणि ताक पहिल्या त्रासासाठी उत्तम आहेत, पण त्वचेवर पडणारा एकही किरण ते अडवत नाहीत. खिशात ठेवलेला कांदा तर कोणताच त्रास अडवत नाही, भाकरीबरोबर मात्र तो उपयोगी पडतो.

भाजते ते कशाने

त्वचा भाजते ती सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्वचेला गरमही लागत नाहीत. त्यांचे दोन प्रकार जमिनीपर्यंत पोहोचतात. २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे ‘यूव्ही-बी’ किरण मुख्यतः त्वचेचा वरचा थर भाजतात. ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे ‘यूव्ही-ए’ किरण अधिक खोल जातात, त्वचा रापवतात आणि वर्षानुवर्षांच्या माऱ्यानंतर तिच्यावर सुरकुत्या व डाग आणतात. खिडकीची साधी काच यूव्ही-बी जवळजवळ पूर्ण अडवते, यूव्ही-ए मात्र बऱ्याच प्रमाणात आत सोडते. म्हणूनच एसटीत रोज खिडकीशी बसणाऱ्याचा एकाच बाजूचा गाल आणि दंड काळवंडलेला दिसतो.

आपण सगळे उन्हाचा अंदाज चटक्यावरून घेतो, आणि चूक नेमकी तिथेच होते. चटका हा तापमानाचा असतो. वारा सुटला, समुद्र जवळ असला किंवा आपण डोंगरावर असलो की तो जाणवत नाही, पण अतिनील किरण त्यामुळे कमी होत नाहीत. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात तारकर्लीला आम्ही सकाळी दहाच्या सुमारास होडीने स्नॉर्केलिंगसाठी गेलो होतो. आकाशात पातळ ढग होते, अंगावर गार पाणी होते, खारा वारा होता. पाण्यावर पालथे तरंगत दीड तास मासे पाहण्यात गेला आणि उन्हाचा विचारही मनाला शिवला नाही. संध्याकाळी मानेच्या मागचा भाग आणि गुडघ्यांच्या मागच्या खोबणी तापू लागल्या, रात्री पाठीवर झोपता येईना, आणि पुढचे चार दिवस पाय पूर्ण सरळ करून चालणे जमत नव्हते. पाठीवर पातळ पांढरा बनियन होता, तोही ओला, आणि त्याच्या आरपार पाठ भाजली होती. ढग, पाणी, वारा आणि ओले कापड या चारही गोष्टींवर मी चुकीचा भरवसा टाकला होता.

पायरी पहिली: स्वतःची सावली मोजा

सर्वांत सोपे आणि फुकटचे साधन म्हणजे आपली सावली. सपाट जागी उभे राहावे. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर सूर्य पंचेचाळीस अंशांहून वर आलेला आहे आणि ऊन भाजणारे आहे असे समजावे. सावली आपल्यापेक्षा लांब असेल तर किरण तिरपे येतात, वातावरणातून अधिक अंतर कापतात आणि त्यांतील यूव्ही-बी वाटेतच बरेच गाळले जातात.

महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने सूर्य आपल्याकडे वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, आणि त्यातली पहिली वेळ ऐन मे महिन्यात असते. मुंबईत हा शून्य सावलीचा दिवस १५ मेच्या आसपास, तर नागपुरात २६ मेच्या सुमारास येतो. दुसऱ्या खेपेला जुलै-ऑगस्टमध्ये आकाश ढगांनी भरलेले असते, त्यामुळे त्याची झळ तेवढी पोहोचत नाही.

घड्याळातले बारा म्हणजे सूर्याचे बारा नव्हेत, ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात नसते. देशाचे घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेले आहे आणि मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला आहे. त्यामुळे मे महिन्यात मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तो साधारण १२ वाजून ३५ मिनिटांनी, नागपुरात सुमारे १२ वाजून १० मिनिटांनी. यावरून सावली उंचीपेक्षा आखूड राहण्याचा काळ काढता येतो: मुंबईत मेच्या मध्यावर तो सकाळी साडेनऊपासून दुपारी पावणेचारपर्यंत असतो, आणि नागपुरात मेअखेरीस नऊच्या आधीच सुरू होऊन साडेतीनपूर्वी संपतो. विदर्भातील माणसाने बाहेरची कामे मुंबईकराच्या अर्धा तास आधी उरकावीत, एवढा सरळ अर्थ यातून निघतो.

हवा सर्वाधिक तापते ती मात्र दुपारी तीन-चारच्या सुमारास, कारण जमीन तापून तिने हवा तापवण्यास वेळ लागतो. म्हणून जो माणूस ‘अजून तापलेले नाही’ असे म्हणत अकरा वाजता बाहेर पडतो आणि एक वाजता परततो, तो तापमानाच्या दृष्टीने शहाणपणा करतो, पण त्वचेच्या दृष्टीने दिवसातले सर्वांत वाईट दोन तास निवडतो.

सावलीखेरीज ‘यूव्ही निर्देशांक’ हा आकडा मोबाइलमधील हवामानाच्या बहुतेक ॲपमध्ये दिसतो. शून्य ते दोन म्हणजे कमी, तीन ते पाच मध्यम, सहा-सात जास्त, आठ ते दहा अतिजास्त आणि अकरा व त्यापुढे तीव्र. तीनपासून पुढे संरक्षण घ्यावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे निरभ्र दुपारी हा आकडा अकराच्या पुढे जाणे नेहमीचेच आहे. तो पाहताना तापमानाचा आकडा झाकून ठेवावा, नाहीतर मन पुन्हा तिकडेच धावते.

पायरी दुसरी: जागा कोणती आहे ते पाहा

उंचीवर हवा विरळ असते आणि दर हजार मीटरमागे अतिनील किरण सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात. महाबळेश्वर साधारण साडेतेराशे मीटरवर आहे, त्यामुळे तेथील सुखद गारव्यात स्ट्रॉबेरी खात पॉइंट पाहत हिंडणारा पर्यटक पुण्यापेक्षा किंचित अधिक किरण अंगावर घेत असतो, आणि चटका नसल्यामुळे जास्त वेळ उभा राहतो. दुसरे कारण पहिल्यापेक्षा महत्त्वाचे आहे.

किनाऱ्यावर कोरडी वाळू सुमारे पंधरा टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे पंचवीस टक्के अतिनील किरण परत फेकतो. त्यामुळे छत्रीखाली बसूनही हनुवटीचा खालचा भाग आणि नाकपुड्या भाजू शकतात. पाण्यात शिरल्याने सुटका होत नाही. अर्धा मीटर खोलीवरही पृष्ठभागावरच्या किरणांपैकी सुमारे चाळीस टक्के पोहोचतात. सुट्टीत विहिरीवर पोहायला जाणारी मुले या बाबतीत सुदैवी असतात, कारण खोल विहिरीच्या कठड्याची सावली बहुतेक वेळ पाण्यावर असते. उघडे तळे किंवा पोहण्याचा तलाव असेल तर तसे नाही. पातळ ढगांतून ऐंशी टक्क्यांपर्यंत किरण खाली येऊ शकतात. उन्हाळी सुट्टीत हिमाचल किंवा काश्मीरला जाणाऱ्यांनी बर्फाचा आकडाही लक्षात ठेवावा: ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत किरण उलटवतो, आणि तेथून भाजलेले नाक घेऊन परतलेली माणसे प्रत्येकाच्या ओळखीत असतात.

झाडाची सावली झाडागणिक वेगळी असते. वड, आंबा आणि चिंच यांची सावली दाट असते. बाभूळ व नीलगिरीखालची सावली फसवी असते, कारण तिच्यातून आकाशाचे मोठे तुकडे दिसतात. सावलीत बसून वर पाहावे. जेवढे आकाश दिसते, तेवढे विखुरलेले किरण आपल्यापर्यंत पोहोचत असतात.

पायरी तिसरी: आपली त्वचा आणि आपली औषधे तपासा

‘आपण सावळे, आपल्याला काय भाजते’ हा समज अर्धाच खरा आहे. त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य किरण शोषते आणि गोऱ्या युरोपीय त्वचेपेक्षा आपली त्वचा उशिरा भाजते हे बरोबर आहे. पण अगदी गडद त्वचेचेही नैसर्गिक संरक्षण मोजले गेले तेव्हा ते १३ एसपीएफच्या आसपास निघाले (एसपीएफ म्हणजे सनस्क्रीनच्या वेष्टणावर असतो तो संरक्षणाचा आकडा). आपल्यापैकी बहुसंख्यांचे त्याहून कमी असणार. शिवाय सावळ्या त्वचेवर लाली पटकन दिसत नाही, त्यामुळे भाजल्याचे कळतही नाही. त्वचा ताणल्यासारखी वाटते, हात लावला तर गरम लागते, अंगरख्याची शिवण टोचते, आणि दोन दिवसांनी तो भाग काळपट पडतो. आपण त्याला ‘रापणे’ म्हणतो आणि सोडून देतो. रापणे हा त्वचेला इजा झाल्याचा पुरावा आहे, उन्हाची सवय झाल्याचे प्रमाणपत्र नाही.

काही जणांनी मात्र इतरांपेक्षा अधिक जपले पाहिजे. अंगावर कोड असेल तर त्या पांढऱ्या चट्ट्यांत रंगद्रव्य नसल्याने ते फार लवकर भाजतात. टक्कल पडलेले पुरुष, तान्ही मुले आणि दिवसभर उन्हात उभे राहणारे वाहतूक पोलीस, गवंडी, डिलिव्हरी करणारे तरुण, शेतमजूर स्त्रिया यांचाही यात समावेश होतो. गाल व कपाळावर वांग असलेल्या स्त्रियांचे वांग दर उन्हाळ्यात गडद होते, आणि त्याला अतिनील किरणांबरोबर दिसणारा प्रकाशही कारणीभूत असतो. त्यामुळे त्यांना लोहाच्या ऑक्साइडची छटा असलेले, म्हणजे त्वचेच्या रंगाचे, सनस्क्रीन अधिक उपयोगी पडते.

औषधांकडे तर जवळजवळ कोणाचेच लक्ष नसते. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक, रक्तदाबासाठी दिले जाणारे हायड्रोक्लोरोथायाझाइड, मुरुमांसाठीच्या ट्रेटिनॉइन व आयसोट्रेटिनॉइनसारख्या औषधांचा गट आणि गुडघेदुखीवर चोळायचे किटोप्रोफेनचे मलम यांमुळे त्वचा उन्हाला हळवी होऊ शकते. यांपैकी काही चालू असेल तर ते आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांना विचारावे आणि उन्हात जाताना पूर्ण बाह्या घालाव्यात.

लिंबाचा वेगळा उल्लेख करणे भाग आहे. उन्हाने आलेला काळेपणा जावा म्हणून चेहऱ्यावर लिंबू चोळण्याची सवय घरोघरी आहे. लिंबाच्या रसात व सालीत असलेली काही द्रव्ये ऊन पडताच त्वचा रासायनिकरीत्या भाजतात. दोन दिवसांत फोड येतात आणि मागे राहणारे गडद डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. अंगणात बसून सरबतासाठी डझनभर लिंबे पिळली आणि हात न धुता उन्हात गेले, तरी बोटांवर आणि मनगटावर ओघळांच्या आकाराचे पट्टे उमटतात. आंब्याच्या देठातला चीक अंगावर उडाला तरी चट्टा उठतो, पण त्यासाठी उन्हाची गरज नसते. कोकणात आंबे उतरवणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही, शहरात पेटी उघडणाऱ्यांना लागते.

पायरी चौथी: कपडे, आणि याला क्रीमपेक्षा अधिक मान द्या

वेळ आणि सावली साधत नसेल तेव्हा कापड हेच सर्वांत भरवशाचे संरक्षण आहे. ते पुसले जात नाही, घामाने वाहत नाही, दोन तासांनी पुन्हा लावावे लागत नाही आणि एकदाच विकत घ्यावे लागते. कापड पारखण्याची रीत सोपी आहे: ते हातावर ताणून बल्बसमोर धरावे आणि पलीकडची बोटे दिसतात का ते पाहावे. बोटे स्पष्ट दिसत असतील तर ते कापड हवेशीर आहे, पण राखणारे नाही. पातळ पांढरी मलमल गारवा देते आणि बरेच किरण आत सोडते. दाट विणीची खादी किंवा गडद रंगाचा जाड सुती सदरा त्याहून खूप अधिक अडवतो. ओले झाले की पांढरे सुती कापड अधिक पारदर्शक होते, माझ्या बनियनचे तेच झाले होते. अंगाला घट्ट बसून ताणले गेलेले कापडही विरळ होते, म्हणून सैल सदरा चांगला. वर्षानुवर्षे धुवून झिरझिरीत झालेला ‘उन्हाळ्यासाठी राखून ठेवलेला’ जुना शर्ट हा बहुतेक घरांतला लाडका कपडा असतो. तो घरात घालावा.

डोक्यावर काय घालावे यात आपल्या परंपरेकडे चांगले-वाईट दोन्ही आहे. फेटा आणि पटका डोके, कपाळाचा वरचा भाग आणि शेमला मागे सोडला तर मानही झाकतात. विदर्भात दुपट्टा डोक्यावरून घेऊन कान, गाल आणि मान यांभोवती गुंडाळण्याची पद्धत आहे, आणि ती इतकी पुरेपूर आहे की तिच्यात सुधारणा सुचवावी असे काही मला दिसत नाही. शेतात काम करणाऱ्या बायका पदर डोक्यावरून घेऊन त्यावर टापर बांधतात. कांदा काढणीच्या दिवसांत वाफ्यात ओणवे बसलेल्या बाईची मान त्यामुळे वाचते, पण हात कोपरापासून उघडे राहतात, म्हणून नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट साडीवर चढवण्याची जी रीत रुळली आहे ती अगदी योग्य आहे. पांढरी गांधी टोपी मात्र टाळूपुरतीच आहे. तिला काठ नसल्याने कान, नाक आणि मान उघडी राहतात, आणि तीच तीन ठिकाणे सर्वांत आधी भाजतात. क्रिकेटची टोपी नाक वाचवते, कान व मान वाचवत नाही. सगळीकडून किमान आठ सेंटिमीटर काठ असलेली हॅट घालण्यात संकोच वाटत असेल, तर टोपीच्या आत मागच्या बाजूला पंचा खोचून तो मानेवर सोडावा.

दुचाकीवरून जाणाऱ्यांचे तळहातांच्या मागचे भाग हँडलवर सरळ सूर्याकडे उघडे असतात आणि वाऱ्यामुळे काही जाणवत नाही. पुण्यातील मुलींनी स्कार्फ, पूर्ण बाह्यांचा सनकोट आणि हातमोजे असा जो पोशाख रूढ केला त्याची थट्टा बरीच झाली, पण त्वचेच्या दृष्टीने तो बिनचूक आहे, आणि मुलांनी तो उचलला असता तर बरे झाले असते. हेल्मेटची पॉलिकार्बोनेटची काच खाली ओढलेली असेल तर ती चेहऱ्यासाठी चांगली ढाल ठरते. पायांत कोल्हापुरी किंवा पट्ट्यांची चप्पल असेल तर पावलांवर पट्ट्यांचे गोरे ठसे उमटतात. त्या ठशांच्या आजूबाजूला किती ऊन झिरपले आहे याचे ते मोजमापच म्हणावे. दूरच्या प्रवासाला मोजे घालावेत. गॉगल घेताना काळेपणा पाहू नये, ‘यूव्ही ४००’ ही खूण पाहावी, कारण नुसत्या काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि किरण अडत नसतील तर उलट अधिकच आत शिरतात.

पायरी पाचवी: सनस्क्रीन, पण पुरेसे

जे कापडाने झाकता येत नाही त्यासाठी सनस्क्रीन. वेष्टणावर दोन गोष्टी पाहाव्यात. एसपीएफ हा आकडा मुख्यतः यूव्ही-बीपासूनचे संरक्षण सांगतो: १५ एसपीएफ सुमारे ९३ टक्के किरण अडवते, ३० एसपीएफ सुमारे ९७ टक्के आणि ५० एसपीएफ सुमारे ९८ टक्के. म्हणजे तिसापासून पन्नासापर्यंतची उडी किमतीत मोठी आणि गुणात लहान आहे. दुसरी खूण ‘पीए’ ही यूव्ही-एसाठी असते. ही पद्धत जपानमधून आली. तिच्यापुढे तीन किंवा चार अधिक चिन्हे असावीत. रोजच्या वापराला ३० एसपीएफ आणि पीए+++ पुरे. समुद्रावर, डोंगरावर किंवा दिवसभर बाहेर काम असेल तर ५० आणि पाण्यात टिकणारे घ्यावे.

आता मुख्य अडचण. हे आकडे प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा थर लावून काढलेले असतात, आणि आपण प्रत्यक्षात त्याच्या पाव ते अर्धाच थर लावतो. वाटाण्याएवढ्या थेंबात चेहरा, मान आणि कान उरकले की वेष्टणावरचा ५० हा आकडा कागदावरच राहतो. तर्जनी आणि मधले बोट यांच्या टोकापासून मुळापर्यंत दोन रेषा काढाव्यात, एवढे क्रीम चेहरा व मानेला लागते. प्रत्येक हाताला सुमारे एक चमचा, प्रत्येक पायाला दोन, छाती-पोटाला एक आणि पाठीला एक असा चहाच्या चमच्याचा हिशेब आहे. स्वतःला तपासण्याची आणखी एक युक्ती अशी: फक्त चेहरा आणि मानेला रोज दोनदा पुरेसे क्रीम लावणाऱ्या एका माणसाची ५० ग्रॅमची नळी साधारण दोन-तीन आठवड्यांत संपली पाहिजे. गुढीपाडव्याला आणलेली नळी गणपतीपर्यंत टिकत असेल, तर ती टिकते आहे आणि त्वचा टिकत नाही. हा खर्च पेलत नसेल तर कमी लावण्यापेक्षा स्कार्फ बांधून फक्त नाक, गालांचा वरचा भाग आणि हातांच्या पाठी यांनाच पूर्ण थर लावावा.

बाहेर पडण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे लावावे आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावे. खूप घाम आला, पोहणे झाले किंवा टॉवेलने पुसले तर लगेच. आपल्या दमट किनारपट्टीवर घाम सतत पुसला जातो, म्हणून रुमालाने घासण्याऐवजी टिपावे. हमखास सुटणाऱ्या जागा म्हणजे कानांच्या कडा, मानेची मागची बाजू, केसांचा भांग, डोळ्यांच्या कडा, पावलांची पाठ आणि ओठ. ओठांसाठी एसपीएफ असलेला लिप बाम मिळतो. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडची क्रीम पांढुरकी दिसते, पण हळव्या त्वचेला आणि लहान मुलांना तीच अधिक मानवते. सहा महिन्यांखालील बाळाला सनस्क्रीन न लावता सावलीत आणि सैल कपड्यांत ठेवावे.

नळी स्कूटरच्या डिकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये, तापून तिच्यातले घटक बिघडतात आणि क्रीम फुटून पाणी वेगळे होते. मुदत संपलेले वापरू नये. खोबरेल तेल, बेसन, मुलतानी माती किंवा हळद यांपैकी काहीही सनस्क्रीनची जागा घेऊ शकत नाही. खोबरेल तेलाचे संरक्षण इतके तोकडे आहे की त्यावर विसंबून मे महिन्याच्या दुपारी बाहेर पडणे म्हणजे बिनछत्रीचे जाणे.

या सगळ्या झाकण्याने ड जीवनसत्त्व कमी होईल ही शंका हमखास विचारली जाते. ते यूव्ही-बीमुळेच तयार होते हे खरे, पण त्यासाठी हात-पायांवर थोडा वेळ पडणारे ऊन पुरते, भाजेपर्यंत थांबण्याची गरज नसते. कमतरतेचा संशय असेल तर रक्ततपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी.

भाजलेच तर

लाली किंवा जळजळ उन्हातून आल्यावर लगेच दिसत नाही. ती तीन-चार तासांनी सुरू होते आणि बारा ते चोवीस तासांत सर्वांत वाढते. म्हणून ‘आता थोडेच लाल झाले आहे, अजून एक तास खेळू’ हा हिशेब नेहमी चुकतो. जेव्हा थोडे दिसते तेव्हा पुष्कळ झालेले असते. पहिली खूण दिसताच सावलीत यावे आणि दोन दिवस त्या भागावर ऊन पडू देऊ नये.

साध्या गार पाण्याने, माठातल्या चालेल, अंघोळ करावी किंवा सुती फडके भिजवून, पिळून दहा-पंधरा मिनिटे त्या जागी ठेवावे. दिवसातून तीन-चार वेळा हे करावे. बर्फ थेट लावू नये, भाजलेल्या त्वचेला गारठ्याने पुन्हा इजा होते. अंग टॉवेलने न घासता टिपावे आणि ओलसर असतानाच सुगंध नसलेले मॉइश्चरायझर, कोरफडीचे स्वच्छ जेल किंवा कॅलामाइन लावावे. अंगणातल्या कोरफडीचे पान वापरायचे असेल तर कापल्यावर ते उभे ठेवून पिवळा चीक पूर्ण निथळू द्यावा, कारण त्या चिकानेच अनेकांना खाज सुटते. तूप, लोणी, टूथपेस्ट, हळद आणि लिंबू यांपैकी काहीही लावू नये. तुपाचा थर उष्णता कोंडून ठेवतो आणि टूथपेस्टमुळे त्वचा आणखी चरचरते.

वेदनेसाठी पॅरासिटामॉल योग्य प्रमाणात घेता येते. आयब्युप्रोफेनने सूजही उतरते, पण शरीरात पाणी कमी असताना ते मूत्रपिंडांना त्रासदायक ठरू शकते, म्हणून उन्हातून थकून आलेल्या माणसाने आणि मूत्रपिंडाचा किंवा पोटातील व्रणाचा त्रास असणाऱ्याने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पाणी, ताक, ओआरएस भरपूर घ्यावे. भाजलेली त्वचा अंगातील पाणी तिकडे ओढून घेते.

फोड आले तर ते फोडू नयेत, वरची पातळ त्वचा ही जंतूंविरुद्धची पट्टीच असते. फुटला तर साबण-पाण्याने हळू धुऊन स्वच्छ कापडाने झाकावा. हाताच्या तळव्याहून मोठ्या भागावर फोड आले, चेहऱ्यावर किंवा जननेंद्रियाजवळ आले, ताप व थंडी भरली, उलट्या सुरू झाल्या, पू दिसला किंवा भाजलेले मूल एक वर्षाखालचे असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. माणूस असंबद्ध बोलू लागला, चक्कर येऊन पडला किंवा अंग ४० अंश सेल्सियसच्या पुढे तापले, तर प्रश्न त्वचेचा राहिलेला नाही, तो उष्माघात आहे. १०८ वर फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतत वारा घालत राहावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

तिसऱ्या दिवसापासून आठवडाभरात सालपटे निघू लागतात. ती ओढून काढण्याचा मोह फार होतो, आणि घरातले लहान मूल तर हौसेने मदतीला येते. पण ओढलेल्या सालपटाखालची त्वचा तयार झालेली नसते आणि तिथे डाग राहतो. लोंबणारा भाग कात्रीने कापावा, बाकीचा मॉइश्चरायझरखाली आपोआप सुटू द्यावा. खालची नवी गुलाबी किंवा फिकट त्वचा काही आठवडे फारच कोवळी असते, त्यामुळे तिच्यावर दाट विणीचे कापड हवेच. मागे उरलेला काळपटपणा जायला सावळ्या त्वचेला कित्येकदा तीन-चार महिने लागतात. त्या काळात घासण्याचा दगड, ब्लीच आणि ‘टॅन काढणारे’ फेशियल यांपासून दूर राहावे, कारण दुखावलेली त्वचा घासली की अधिकच काळवंडते. माझ्या गुडघ्यांमागचे पट्टे मे महिन्यात उमटले होते, ते नवरात्रात दिसेनासे झाले.